चिंतेसाठी स्वमदतीचे पुस्तक निवडायचे, ते कोणत्या कसोटीवर?

प्रश्न : वैनगंगाकाठ

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत रोखपाल आहे. गेल्या दिवाळीपासून संध्याकाळी रोकड जुळवायची वेळ झाली की छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, आणि हिशेब पैशापैशाने जुळला तरी 'कुणाला जास्त नोट तर गेली नसेल ना' हा विचार रात्री उशिरापर्यंत पिच्छा सोडत नाही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. नागपूरला जायचे तर रजा टाकावी लागेल आणि घरी कारण सांगावे लागेल. सध्या मला ते दोन्ही नको आहे. पुस्तकांच्या आधाराने काही करता येईल का, हे पाहते आहे. पण दुकानातल्या त्या कपाटापुढे उभे राहिले की गोंधळ उडतो. मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि आत यशस्वी माणसांच्या गोष्टी, असाच बहुतेकांचा थाट असतो. उपयोगाचे पुस्तक ओळखायचे कसे? मराठी असल्यास उत्तम, सोपे इंग्रजीही चालेल.

प्रतिसाद १ : शाईपेन

पुस्तक मधूनच कुठेतरी उघडा आणि लेखक तुमच्या हाती पेन देतो का, ते पाहा. तक्ता भरा, आज अमुक करून पाहा, आठवड्याने पुन्हा नोंद करा, असे काही नसेल तर ते पुस्तक वाचताना बरे वाटेल आणि मिटले की परिणाम संपेल. ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत सतत चिंता करणाऱ्यांसाठी स्वमदतीचे साहित्य सुचवलेले आहे. पण ते बोधात्मक-वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि वागणे बदलून त्रास कमी करण्याच्या पद्धतीच्या, तत्त्वांवर आधारलेले असावे आणि किमान सहा आठवडे पद्धतशीरपणे वापरले जावे, अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणून एका वेळी एकच पुस्तक घ्यावे, हे माझे आग्रहाचे सांगणे.

मराठी वाचकाची या बाबतीत सोय आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजली आणि तिच्यावर मराठीत चांगले लेखन झाले. घटनेने नव्हे, तर घटनेविषयीच्या आपल्या हट्टी धारणेने आपण अस्वस्थ होतो, हे तिचे मुख्य सूत्र. 'हिशेब चुकू नये' ही इच्छा झाली. 'तो चुकताच कामा नये, चुकला तर मी नालायक' हा हट्ट झाला. या दोहोंतला फरक रोज वहीत लिहून काढायला लावणारे पुस्तक मिळाले, तर ते घ्यावे.

प्रतिसाद २ : निशिगंध

शाईपेन यांचे म्हणणे रात्रीच्या विचारांना लागू पडते, परंतु धडधड सुरू असताना धारणांशी वाद घालत बसणे निदान मला तरी कधी जमले नाही. त्या भागासाठी क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांचे १९६२ चे 'सेल्फ हेल्प फॉर युवर नर्व्हज' आजही वाचण्याजोगे आहे. त्या पहिली भीती आणि दुसरी भीती असा भेद करतात: पहिली शरीरात आपोआप उसळते, आणि 'आता मला काय होणार' ही दुसरी आपण तिच्यावर रचतो. सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या, एवढाच त्यांचा उपाय आहे. भाषा जुन्या वळणाची आहे आणि काही पाने पाल्हाळाची, ती खुशाल ओलांडावीत.

इंग्रजी वाचायचा कंटाळा येत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढलेली 'डूइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस' ही सचित्र पुस्तिका विनामूल्य उतरवून घेता येते. मजकूर थोडा आहे आणि व्यायामांची ध्वनिमुद्रणेही आहेत.

वैनगंगाकाठ

दोघांचेही आभार. एक विचारायचे राहिले. मी रोकड तीनतीनदा मोजते आणि त्याने तेवढ्यापुरते हायसे वाटते. ही सवय चालू ठेवावी का?

प्रतिसाद ३ : गावचा दवाखाना

मी तालुक्याच्या ठिकाणी सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. या शेवटच्या प्रश्नावर पुस्तकाची निवड बरीचशी अवलंबून आहे. हायसे वाटते म्हणूनच ती सवय घट्ट होते. 'मोजले म्हणून वाचले' असे मन शिकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लावते. संस्थेच्या नियमाप्रमाणे जितक्या वेळा मोजायचे तितकेच मोजा, सही करा, पेटी बंद करा आणि त्यानंतरची रुखरुख काही न करता ओसरू द्या. पहिले काही दिवस ती वाढल्यासारखी वाटेल. मात्र मोजणे थांबवताच येत नसेल, किंवा घरी कुलूप, गॅस यांचीही तशीच तपासणी चालत असेल, तर हा प्रकार आपण ज्याला मंत्रचळ (इंग्रजीत ओसीडी) म्हणतो त्याच्याकडे झुकतो. अशा वेळी साध्या चिंतेवरचे पुस्तक पुरत नाही. तपासणीची ओढ टप्प्याटप्प्याने रोखायला शिकवणारे पुस्तक हवे, आणि तज्ज्ञांचा सल्लाही.

पुस्तक विकत घेण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइडचा स्राव वाढला तरी हीच धडधड आणि हाच घाम येतो, आणि त्यावर कोणतेही पुस्तक चालत नाही. दुपारनंतरचा चहाही मोजा. पतसंस्थेत तो किती होतो, ते मला ठाऊक आहे.

नागपूरचा प्रवास टाळायचा असला तरी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. झोप सलग उडाली, कामावर जाणे टळू लागले किंवा जगणे नको असे विचार आले, तर सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. आणि आधीपासून एखादी गोळी चालू असेल, तर पुस्तकात काहीही लिहिलेले असो, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.