गावच्या पतसंस्थेला, जिनिंगच्या काट्याला ईसीसी रॅम हवी की नको?

धुऱ्यावरचा
खेड्यातल्या पतसंस्था आणि जिनिंगचे वजनकाटे आता साध्या डेस्कटॉपवर चालतात. संगणक जोडून देणारा साधी रॅम (चालू कामाचे आकडे धरणारी मेमरी) टाकतो आणि कोणी विचारतही नाही. माझं ठाम मत आहे, जिथे दुसऱ्याच्या मालाचा किंवा ठेवीचा हिशोब आहे तिथे चूक दुरुस्त करणारी, म्हणजे ईसीसी रॅमच पाहिजे.

कापसाच्या गाडीचं निव्वळ वजन १८४० किलो धरा. मेमरीत ते १११००११०००० असं बसतं, यातला प्रत्येक ० किंवा १ म्हणजे एक बिट. डावीकडून दुसरा १ पडून ० झाला की आकडा १३२८. पाच क्विंटल बारा किलो कापूस गेला, आणि १३२८ हेही गाडीचं शक्य वजन असल्यामुळे कोणाला शंका येत नाही. ईसीसीमध्ये दर ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. एक बिट उलटला तर जागीच दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान कळतं.

वर्धेकाठ
भाऊ, उदाहरण बरोबर आहे, पण पैसा चुकीच्या जागी जातो आहे. आकडा रॅममध्ये राहतो क्षणभर, मग डिस्कवर. गावात संगणक खरा कशानं बिघडतो? कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, लाईट जाते, डेटाबेस अर्धवट लिहिला जातो. जिनिंगमध्ये तर रुईचे तंतू हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागावर) नमद्यासारखे बसतात. यातलं काहीच ईसीसी थांबवत नाही. आधी ऑनलाइन यूपीएस (मशीनला सतत स्वतःतूनच सरळ वीज देणारा), नीट अर्थिंग, दर आठवड्याला ब्लोअर आणि रोजचा बॅकअप. तेवढं झाल्यावर पैसे उरले तर बघा.

पऱ्हाटी
वर्धेकाठ, "क्षणभर" हे खरं नाही. डेटाबेस वापरातली पानं, म्हणजे नोंदींचे गठ्ठे, तासन् तास रॅममध्ये धरून ठेवतो. त्या पानातला बिट उलटला आणि नंतर त्याच पानावरची दुसरी नोंद बदलली, की अख्खं पान चुकीसकट डिस्कवर जातं. पानाचा चेकसम (पानातल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) लिहिताना काढला जातो, म्हणजे तो चुकीवरच शिक्कामोर्तब करतो. मग बॅकअपही तीच चूक जपून ठेवतो. बेल्जियममध्ये स्कारबेक इथे २००३ च्या मतमोजणीत एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मतं जास्त दिसली. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणून एक बिट उलटल्याचा निष्कर्ष निघाला. ते पकडलं गेलं, कारण आकडा शक्य मतांपेक्षा जास्त होता.

दुरुस्ती कशी होते ते कागदावर करून पाहा. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. माहिती १०११. सात जागांपैकी १, २ आणि ४ तपासणीच्या. खालच्या प्रत्येक गटात १ ची संख्या सम येईल अशा त्या भरल्यावर होतं ०११००११. आता पाचवी जागा उलटवा: ०११०१११. जागा १, ३, ५, ७ मधले १ किती ते मोजा: तीन, विषम. जागा २, ३, ६, ७: चार, सम. जागा ४, ५, ६, ७: तीन, विषम. विषम आले ते गट तपासणीच्या जागा १ चा आणि ४ चा. बेरीज ५. बिघाडाची जागा गणितच सांगतं.

काळी कसदार
आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तर ईसीसी हवीच. आणि डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) घेतली तर ती आतच असते ना?

पऱ्हाटी
दोन्हींत गल्लत आहे. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ चा अभ्यास पाहा. वर्षभरात सुमारे ८ टक्के स्टिकवर, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांवर, चुका दिसल्या, पण तापमानाचा परिणाम अल्प निघाला. चुका त्याच त्या स्टिकवर पुन्हा पुन्हा येत होत्या. डीडीआर५ मधली आतली सोय १२८ बिटांमागे ८ बिट ठेवते आणि चिपच्या आतलीच चूक निस्तरते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर तिचं संरक्षण नाही, आणि किती चुका झाल्या ते ती ऑपरेटिंग सिस्टमला कळवत नाही.

वर्धेकाठ
म्हणजे खराब स्टिकच चुका करते. मग नवी रॅम रात्रभर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर चालवा, एक जरी चूक आली तर परत करा. विषय संपला.

धुऱ्यावरचा
पहिल्या दिवशी चांगली निघालेली स्टिक दीड वर्षानं बिघडली तर कोण सांगेल? माझ्या मते दुरुस्तीपेक्षा ही सूचनाच मोलाची आहे. घेणाऱ्यांनी एवढं बघावं: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिघांचाही आधार लागतो, नाहीतर ईसीसी स्टिक साध्या रॅमसारखीच चालते. डेस्कटॉपला "अनबफर्ड" ईसीसी लागते. जुन्या सर्व्हरची स्वस्त "रजिस्टर्ड" डीडीआर४ रॅम खाचेत बसते, पण मशीन सुरू होत नाही. लिनक्सवर डीएमआयडीकोड (dmidecode) या आज्ञेने टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दाखवली पाहिजे, पण ती फक्त स्टिकची खूण झाली. एडॅक (EDAC) हा मेमरीच्या चुका मोजणारा ड्रायव्हर चढला का आणि सीई काउंट, म्हणजे दुरुस्त झालेल्या चुकांची संख्या, दिसतो का, हे पाहा. विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger) नोंदी पाहा. काउंट वाढू लागला की मशीन बंद करून स्टिकचे सोनेरी संपर्क खोडरबरने पुसा, स्टिक दुसऱ्या खाचेत घाला. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक बदला, खाचेतच राहिली तर बोर्ड.

वर्धेकाठ
पतसंस्थेचं मान्य. मशीन दिवसरात्र चालतं, व्याज त्यावर लागतं, तिथे घ्या. पण यूपीएस आधी. काट्यावर मात्र नको. शेतकऱ्याच्या हातात छापील पावती तिथल्या तिथे पडते.

धुऱ्यावरचा
पावती त्याच रॅममधून छापली जाते. आणि भरल्या गाडीचं वजन झाल्यापासून रिकाम्या गाडीचं होईपर्यंत तास-दोन तास सहज जातात.

वर्धेकाठ
मग काट्याच्या इंडिकेटरवरचा आकडा दोन्ही वेळा वहीत हातानं लिहा आणि शेतकऱ्याची सही घ्या. इंडिकेटर संगणकाच्या रॅमवर चालत नाही.