मदत हवी आहे: बाटल्या सुकवायला एअर नाइफ पुरेल का?

नमस्कार मंडळी. आमच्या लाइनवर बाटल्या धुतल्या की लगेच लेबल लागतं. सध्या कॉम्प्रेसरच्या 6 बार दाबाच्या हवेला तोंड चेपलेली तांब्याची नळी जोडली आहे. बाटलीवरचं पाणी उडतं, पण झाकणाखालच्या खाचेत एक थेंब अडकतो आणि तोच पुढे ओघळून लेबल सोडवतो. आवाजही इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. कॉम्प्रेसरला तर उसंतच नाही.

एअर नाइफच्या बारीक फटीतून हवेचा पातळ पडदा निघतो आणि आजूबाजूची हवाही सोबत ओढतो, म्हणून कॉम्प्रेसरची हवा कमी लागते, हे पटतं. पण त्या खाचेपर्यंत जोर पोहोचतो का? की तिथे वेगळा नोझल तिरका लावू? वापरणाऱ्यांनी कोन आणि अंतर नक्की सांगा. कामगारांच्या कानांची फार काळजी वाटते.