टोमॅटो-मिरचीची रोपं एका रात्रीत माना टाकतायत, काय करू?

गॅलरीतली_बाग
नमस्कार मंडळी, पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, गॅलरी काचा लावून बंद केलेली आहे. जूनच्या मध्यावर टोमॅटो, वांगी आणि मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकलं, टोमॅटो सहाव्या दिवशी मस्त उगवले आणि मग चार दिवसांनी सकाळी बघते तर एका कोपऱ्यातली सगळी रोपं आडवी! पानं हिरवीगार, पण मातीला लागून देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालाय. दुसऱ्या दिवशी शेजारची पण गेली. मिरची तर निम्मी उगवलीच नाही. माती बागेतली आणि शेणखत अर्धं अर्धं, पाणी सकाळ-संध्याकाळ स्प्रेने, वर क्लिंग फिल्म लावलीये. आई म्हणते हळद टाक. खूप जीव लावला होता हो या रोपांना, उरलेली तरी वाचवायचीत.

जुन्नरचा_नर्सरीवाला
ताई ही रोपांची मर आहे, आमच्याकडे रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरश्या मातीतच असतात. त्यातलं पिथियम तर पाण्यात पोहत पसरतं, त्यामुळे माती चिखलासारखी राहिली की ते एका रोपावरून दुसऱ्यावर जातं, म्हणून तुमची कोपऱ्यातून सुरुवात होऊन पुढे सरकलं. मिरचीचं न उगवलेलं बी उकरून बघा, मऊ पडून कुजलेलं निघेल, तोच रोग. मिरची उगवायला दहा-बारा दिवस घेते, तेवढे दिवस बी ओल्यात पडून राहतं.

पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट काढून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. फिल्म आत्ताच काढा. पाणी बंद, माती वाफशावर येऊ द्या, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओलसर राहील.. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळाशी ओता, एकदाच. हातमोजे घाला आणि घरात लहान मुलं असतील तर ट्रे त्यांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

कोकोपीट_काकू
दादांचं बरोबर आहे पण बंद गॅलरीत दहा-वीस रोपांसाठी औषध मी तरी आणणार नाही, खरं दुखणं पाणी आणि कोंदट हवा हेच आहे. तू ट्रे एका ताटात ठेव, ताटात बोटभर पाणी ओत, वीस मिनिटांत माती खालून ओढून घेते, उरलेलं फेकून दे. वरची माती कोरडी राहिली पाहिजे. आणि छोटा टेबलफॅन लांबून मंद सोड, पानं जरा हलतील इतपतच. पावसाळ्यात काचा बंद असल्या की हा फॅन मला सगळ्या औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय.

शेणखत पेरणीच्या मातीत नकोच, त्यात ते अर्धकच्चं असेल तर संपलंच. नुसतं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घे, थोडं गांडूळखत. मुठीत दाबून बघायचं, एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं. हळद मी दोनदा टाकून बघितली गं, रोपं पडायची तशीच पडली.

टोरंटोकर
आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर बर्फ असतो, त्यामुळे सगळी रोपं घरातच करावी लागतात, पहिल्या वर्षी माझे दोन ट्रे असेच गेले. तेव्हापासून मिरचीच्या ट्रेखाली हीट मॅट ठेवतो, मातीला २५ ते ३० डिग्री ऊब मिळाली की बी लवकर वर येतं आणि कुजायला वेळच मिळत नाही. उगवलं की झाकण त्याच दिवशी काढायचं. तुमच्याकडे उबेचा प्रश्न नाही, उजेडाचा असेल, ढगाळ हवेत रोपं लांबुडकी आणि नाजूक होतात, साधी एलईडी ट्यूब वीतभर वर लावून बघा. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर पिवळे चिकट कागद लावा, त्यांच्या अळ्या मुळं खातात आणि रोग पण पसरवतात.

गॅलरीतली_बाग
फिल्म काढली, फॅन लावला! उकरून बघितलं, मिरचीचं बी खरंच मऊ झालेलं. दादा, ट्रे परत वापरला तर चालेल का? आणि ट्रायकोडर्मा कॉपरसोबत देता येतो का?

जुन्नरचा_नर्सरीवाला
सोबत अजिबात नाही, ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, फक्त आपल्या बाजूची, कॉपरने ती पण मरेल. निदान पंधरा दिवस अंतर ठेवा. नव्या पेरणीला मात्र बियाला ओलसर करून ट्रायकोडर्मा चोळा आणि कोकोपीटमध्ये पण मिसळा, तिथे कॉपर नकोच. ट्रे घासून एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात दहा मिनिटं बुडवून, धुवून, सुकवून घ्या. जुनी माती त्यात घालू नका, पुढच्या एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर उन्हात तापवा, मग वापरा. टोमॅटो आत्ता परत टाकलेत तरी उशीर नाही झालेला. एका कप्प्यात एकच बी टाका, दाटी नको.

गॅलरीतली_बाग
नऊ टोमॅटो आणि तीन वांगी अजून उभी आहेत. कोकोपीट आज भिजत घातलंय, मिरची रविवारी परत टाकते.