बेटावर गाडी भाड्याने घेऊन फिरताना : भूमध्य समुद्रातले तुमचे अनुभव लिहा

क्रीट, सिसिली, सायप्रस, माल्टा, मायोर्का. ओळखीतलं कोणी ना कोणी हल्ली या बेटांवर जाऊन येतं, आणि निघण्याआधी प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: तिथे गाडी भाड्याने घ्यावी का? माझं उत्तर ठाम 'हो' असं आहे. बसने किनाऱ्यावरची मोठी गावं होतात. डोंगरातली गावं, दरीतले मठ, दुपारी रिकामे असणारे लहान किनारे मात्र गाडीशिवाय हाती लागत नाहीत.

एक निरीक्षण आधीच नोंदवते. आपण धास्ती घेतो ती तिथल्या घाटांची. पण वरंधा आणि आंबेनळीत हात बसलेल्याला तिथला घाट जड जात नाही. अडचण येते ती विमानतळावरच्या काउंटरवर करार करताना आणि जुन्या गावांच्या गल्ल्यांत शिरताना. म्हणून लिहिताना या दोन जागांबद्दल जरूर लिहा, पुढच्यांना खरा उपयोग त्याचाच होईल. सुरुवात मी करते.

क्रीट, मे महिना

नकाशात क्रीट लहानसं दिसतं, पण पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे. हेराक्लिओनला राहून पश्चिमेच्या एलाफोनिसी किनाऱ्याला एका दिवसात जाऊन येण्याचा बेत अजिबात करू नका, सगळा दिवस रस्त्यातच जाईल. आम्ही मुक्काम विभागले. आधी खानियाला राहिलो, मग पूर्वेकडे सरकलो. याचा फार फायदा झाला.

उत्तर किनाऱ्याने जाणारा मुख्य रस्ता म्हणजे ई-७५. हा युरोपीय मार्ग नॉर्वेतल्या वार्दोपासून निघतो आणि क्रीटमधल्या सितियाला संपतो. म्हणायला महामार्ग, पण बऱ्याच भागात जायला एक लेन, यायला एक लेन, मध्ये दुभाजक नाही. स्थानिक लोक उजव्या कडेच्या पट्टीवर अर्धी गाडी घेऊन चालवतात, म्हणजे मागच्याला पुढे काढता येते. नियमात हे बसत नाही, तरी मागून येणारा तीच अपेक्षा धरतो. समोरचं स्वच्छ दिसत असेल तर मी थोडी बाजूला घ्यायचे. वळणावर मात्र कधीच नाही, कारण त्याच पट्टीवर पुढे कोणाची तरी बंद पडलेली गाडी किंवा सायकलवाला असू शकतो.

डिपरचा अर्थ आपल्यासारखाच आहे. समोरच्याने डिपर दिला म्हणजे 'मी येतोय, तू थांब'. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण त्यांच्याकडे 'तू आधी जा' म्हणून डिपर देतात. ग्रीसमधल्या चौकांतल्या गोल चक्करलाही सवयीवर जाऊ नका. आधी वाट कोणाची, ते पाटीवर बघायचं. चक्करमधला आपण असलो तरी उजवीकडून शिरणाऱ्यावर लक्ष ठेवायचं.

सगळ्यात सुंदर रस्ता म्हणाल तर इम्ब्रोसवरून दक्षिणेला खोरा स्फाकिओनकडे उतरणारा. एका वळणावर डोंगर संपतो आणि खाली लिबियाचा समुद्र उघडतो. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. वळणापलीकडे शेळ्या असतात, अगदी रस्त्याच्या मधोमध. कडेला काचेच्या दाराची छोटी देवघरं दिसतात, आत तसबीर आणि दिवा. बरीचशी अपघाताच्या जागी बांधलेली आहेत, कुठे गेलेल्याच्या आठवणीत, कुठे जीव वाचला म्हणून. ती दिसली की मी आपोआप वेग कमी करायचे.

बालोसच्या किनाऱ्याबद्दल. शेवटचे काही किलोमीटर कच्चा, दगडगोट्यांचा रस्ता आहे, आणि भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. आम्ही किस्सामोसहून बोटीने गेलो. मुलांना तेच जास्त आवडलं.

नाशिकहून : कागदपत्रं आणि कार्ड

धागा छान आहे, ताई. मी फक्त काउंटरबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त फोन मला त्याबद्दल येतात.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतच मिळतं. अर्ज फॉर्म ४-अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पारपत्र दाखवावं लागतं. नुसत्या परमिटवर भागत नाही, मूळ लायसन्सही सोबत पाहिजे. ग्रीस आणि इटलीत भारतीय लायसन्सवाल्याला हे परमिट लागतंच. कधी काउंटरवर कोणी मागत नाही, गाडी तशीच देतात. त्यावर विसंबू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारेल.

दुसरं, क्रेडिट कार्ड. ते मुख्य चालकाच्या नावावरच हवं. बायकोच्या कार्डवर नवऱ्याला गाडी देत नाहीत. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. अनामत म्हणून कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात, हजार युरोच्या पुढेही जाते, त्यामुळे तेवढी मर्यादा शिल्लक आहे ना, हे बघून निघा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू केलेला असावा आणि पिन पाठ असावा.

आता विमा. भाड्यात धरलेल्या विम्याला 'एक्सेस' असतो, म्हणजे नुकसान झालं तर तेवढ्या रकमेपर्यंत पैसे आपल्याच खिशातून जातात. काउंटरवरचा माणूस तो शून्यावर आणायचा जादा विमा सुचवतो. सुचवणाऱ्याचा राग धरू नका, पण विचारा: यात टायर, काचा, गाडीचा तळ आणि किल्ली येतात का? बऱ्याचदा नेमक्या याच गोष्टी बाहेर असतात, आणि बेटावर नेमकं याच गोष्टींना लागतं. शिवाय डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. लहान गाड्यांत नुसता पंक्चरचा किट ठेवलेला असतो.

ठाण्याहून : सिसिली, सासूबाई आणि आईसह

सिसिलीत घाटाचा नाही, शहरातल्या बंद गल्ल्यांचा अभ्यास करून जा. जुन्या वस्तीच्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, त्याला झेड-टी-एल म्हणतात. फाटक नाही, पोलिस नाही. लाल कडेचा पांढरा गोल फलक आणि वर कॅमेरा, इतकंच. फलकाजवळच्या दिव्यांच्या पाटीवर 'वार्को अत्तीवो' दिसलं तर बंदी त्या क्षणी चालू आहे. मोबाइलमधला नकाशा बिनदिक्कत आत नेतो, कारण त्याला रस्ता मोकळाच दिसतो. कॅमेऱ्याने नंबर टिपला की नोटीस भाडे कंपनीकडे जाते, कंपनी आपलं नाव कळवते आणि त्या कळवण्याचेही पैसे कार्डातून कापते. दंड वेगळा येतो. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहल विसरल्यावर पत्र येतं.

आम्ही ठरवूनच गेलो होतो की जुन्या गावात चाकं घालायची नाहीत. सिराकुझाला ओर्तिजिया बेटाच्या कडेला तालेते नावाचं पार्किंग आहे, तिथे गाडी लावली आणि चालत गेलो. ताओर्मिनाला खाली लुम्बीच्या पार्किंगमध्ये ठेवली, तिथून वर जायची सोय आहे. दोघींच्या गुडघ्यांना झेपलं. हॉटेल बंदी असलेल्या भागातच असेल तर बुकिंग करतानाच लेखी विचारा, काही हॉटेलं आपल्या गाडीचा नंबर नोंदवून परवानगी काढून देतात.

पार्किंगचे पट्टे लक्षात ठेवायला सोपे आहेत. पांढरा फुकट, निळा पैसे भरून, पिवळा आपल्यासाठी नाही. मेसिना-कतानिया आणि मेसिना-पालेर्मो रस्त्यांना टोल लागतो. पालेर्मो-कतानिया ए-१९ ला नाही. मात्र ए-१९ वर वेळेचा हिशेब सैल ठेवा. २०१५ च्या एप्रिलमध्ये दरड सरकून तिथला हिमेरा पूल निकामी झाला, नवा व्हायला २०२० उजाडलं, आणि इतर पुलांच्या दुरुस्त्या लागूनच असतात.

एटनावर गाडी सुमारे १९०० मीटरवरच्या रिफुजिओ सापिएन्झापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना काळा लाव्हा, मध्ये पिवळ्या फुलांची झुडपं. आई खिडकीतून हात बाहेर काढून गार वारा घेत होती. काचेवर राख बसली असेल तर वायपर कोरडा फिरवू नका. राख म्हणजे बारीक काचच, ओरखडे पडतात. आधी पाणी ओता.

म्युनिकहून : सार्डिनिया

थोडक्यात लिहितो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिम, छप्पर, काच आणि टाकीचा काटा, सगळ्याचा सलग व्हिडिओ काढा. परत देताना मला मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून पैसे मागितले गेले. व्हिडिओत तो ओरखडा पहिल्या दिवशीच होता. विषय तिथेच मिटला, अडकवलेली रक्कम पुरी सुटली. देताना 'गाडी ठीक मिळाली' अशी पावतीवर सही मागून घ्या. ऑफिस बंद असताना किल्ली पेटीत टाकून जायची वेळ आली तर परत एकदा व्हिडिओ.

सार्डिनियात टोल कुठेच नाही. दोर्गाली ते बाउनेई हा एस-एस १२५ चा तुकडा चुकवू नका. किनाऱ्यावरची वाळू मात्र बाटलीत भरून आणू नका, ५०० ते ३००० युरो दंडाचा कायदा आहे आणि बंदरावर सामान तपासतात.

नॅक्सोस

या ग्रीक बेटावर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार उघडताना घट्ट धरा. वारा दार उलट्या दिशेला फेकतो, बिजागरी वाकते, आणि ते नुकसान विम्यात बसत नाही असं आम्हाला किल्ली देतानाच बजावलं होतं. गाडी फेरीत घालून दुसऱ्या बेटावर न्यायची असेल तर भाडे देणाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्यापेक्षा प्रत्येक बेटावर नवी गाडी घेणं बरं.

बार्सिलोनाहून : मायोर्का

पंपावर एक घोटाळा होऊ शकतो. स्पॅनिशमध्ये 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल. नावाकडे बघूच नका. २०१८ पासून युरोपभर खुणा एक आहेत: पेट्रोलला गोलात ई-५ किंवा ई-१०, डिझेलला चौकोनात बी-७. टाकीच्या झाकणाच्या आत तीच खूण असते, जुळवून घ्या.

किनाऱ्यावरच्या सा कालोब्राला उतरणारा रस्ता १९३२ मध्ये अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने केला. एका जागी रस्ता २७० अंशांत वळून स्वतःच्याच खालून जातो. डोंगराला न दुखावता उतार कसा साधायचा, याचं इतकं देखणं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. खाली जायचा आणि वर यायचा रस्ता हाच एक. सकाळी लवकर उतरा, म्हणजे बस वर येईपर्यंत तुम्ही खाली पोचलेले असाल. सायकलवाले खूप असतात, ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. ते चढत असतात, दमलेले असतात, हॉर्न नका देऊ.

माल्टा

आपल्यासारखंच डावीकडून. रस्ते अरुंद, गर्दी भरपूर. मुख्य बेटावर बसने फिरा आणि गाडी शेजारच्या गोझो बेटासाठी घ्या. चिर्केव्वाहून फेरी साधारण २५ मिनिटांची आहे, तिकीट परतताना गोझोवरच्या मजारला काढायचं.

कोल्हापूरहून एक प्रश्न

माझं वय ६८. अजून आंबोली घाट स्वतः चढवतो. पण उजवीकडून चालवणं आता या वयात नको वाटतं. मुलगी म्हणते, ड्रायव्हर घेऊन जा. तुमचा सल्ला काय?

लिमासोलहून

काका, तुम्ही सायप्रसला या. मी इथे जहाज व्यवस्थापनाच्या कंपनीत आहे. इंग्रजांनी १८७८ ते १९६० राज्य केलं, त्यामुळे इथे गाड्या डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. गोल चक्करलाही उजवीकडच्याला वाट, आपल्या सवयीचंच. माझे सासरे सांगलीहून आले तेव्हा दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच गाडी चालवली. एकच सवय लावून घ्यावी लागली: इथल्या गाड्यांत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असू शकते, आणि आपल्याकडच्या सवयीने उजवी दाबली की वायपर फिरतो. पार्किंगमध्ये पाच-दहा फेऱ्या मारून मगच रस्त्यावर निघा.

बुकिंग करताना दोन गोष्टी बघा. वयाची वरची मर्यादा काही कंपन्या ठेवतात, काही नाही, तेव्हा अटी आधी वाचा. आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर लवकर सांगा, भाडं थोडं जास्त पडतं.

भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट इथे लाल असते. लोक ओळखतात की हा पाहुणा आहे, आणि माझा अनुभव असा की बहुतेक जण सांभाळून घेतात. मोटरवेवर ताशी १०० ची मर्यादा. लिमासोलहून पाफोसला जाताना मोटरवे सोडून जुना बी-६ घ्या, पेत्रा तू रोमिऊचा खडक त्यावरच लागतो.

उत्तरेकडे, तुर्की भागात, जायचं असेल तर भाड्याचा विमा तिकडे चालत नाही. काही कंपन्या गाडी नेऊच देत नाहीत. ज्या देतात, तिथेही आयिओस दोमेतिओससारख्या नाक्यावर वेगळा विमा विकत घ्यावा लागतो. निकोसियात लेद्रा स्ट्रीटवरून पायी जाऊन यावं, हे मला जास्त बरं वाटतं.

ऑक्टोबरात आलात तर ऊन उतरलेलं असतं. ट्रूडोसच्या डोंगरात ऑलिंपस शिखर १९५२ मीटरवर आहे, रस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत चांगला. वाटेत भित्तिचित्रांची छोटी जुनी चर्च आहेत, युनेस्कोच्या यादीतली. काही कुलुपात असतात, किल्ली गावातल्या कोणाकडे तरी असते. कॉफीच्या दुकानात विचारायचं, तो माणूस स्वतः येऊन उघडून देतो. वर पंप कमी आणि रविवारी माणूस नसतो, मशीनमध्ये नोटा घालून पेट्रोल घ्यावं लागतं. म्हणून टाकी लिमासोललाच भरून निघा. तारखा ठरल्या की इथेच कळवा, भाड्याच्या अटी तुमच्यासोबत बसून वाचून देईन.