फोल्डर बदलताच पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आपोआप सुरू कसे करावे?

ऋचा (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे सध्या दोन प्रकल्प एकाच वेळी चालू आहेत. जुना जँगो (पायथनची वेब-चौकट) ३.२ व पायथन ३.८ वर आहे आणि नवा पायथन ३.१२ वर. दोन्हींच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘.व्हेन्व्ह’ आहे, म्हणजे त्या प्रकल्पाचे पायथन व पॅकेजेस वेगळी ठेवणारे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. दिवसभर एकातून दुसऱ्यात ये-जा करावी लागते आणि दर वेळी ‘सोर्स’ लिहून ॲक्टिव्हेट फाइल चालवावी लागते. ते राहून गेले, की आधीच्या प्रकल्पाचे एन्व्हायर्नमेंट तसेच चालू राहते आणि पिप (पॅकेजेस बसवणारे साधन) नवे पॅकेज भलत्याच ठिकाणी बसवते. ‘सीडी’ (फोल्डर बदलणे) आणि ॲक्टिव्हेट ही दोन्ही कामे करणारी एक शेल स्क्रिप्ट मी तयार केली आहे. ती कोणतीही त्रुटी न दाखवता पूर्ण होते, पण नंतर टर्मिनलमध्ये काहीच बदललेले नसते. असे का होते? कार्यालयातील लिनक्सवर बॅश आणि घरच्या मॅकवर झेडशेल हे शेल (कमांड चालवणारे प्रोग्राम) आहे, त्यामुळे दोन्हीकडे चालेल असा उपाय हवा आहे.

प्रसाद

स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे चालवली, की तिच्यासाठी वेगळी प्रोसेस सुरू होते, आणि कोणत्याही प्रोसेसला आपल्या पालक प्रोसेसचे व्हेरिएबल किंवा चालू फोल्डर बदलता येत नाही. तुमच्या स्क्रिप्टने केलेले बदल खरेच झाले होते, पण ती प्रोसेस संपताच तिच्याबरोबर गेले. म्हणूनच ॲक्टिव्हेट फाइल ‘सोर्स’ करावी, म्हणजे चालू शेलमध्येच चालवावी लागते आणि म्हणूनच हे काम स्क्रिप्टकडे न देता शेलमधल्या फंक्शनकडे द्यावे लागते.

पुष्कळ जण ‘सीडी’ नावाचेच फंक्शन लिहून मूळ कमांड झाकतात. मला ती पद्धत पसंत नाही, कारण ‘पुशडी’ किंवा ‘पॉपडी’ने फोल्डर बदलले तर ते फंक्शन चालतच नाही. झेडशेलमध्ये ‘सीएचपीडब्ल्यूडी’ हा हुक (फोल्डर बदलताच आपोआप चालणारे फंक्शन) नेमका याच कामासाठी आहे. मात्र नवे टर्मिनल थेट प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उघडले, तर फोल्डर ‘बदललेले’ नसल्याने हा हुक चालत नाही, म्हणून झेडशेलच्या आरसी फाइलच्या (शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या) शेवटी तेच फंक्शन एकदा स्वतंत्रपणे बोलवावे. बॅशमध्ये असा हुक नाही, तेथे ‘प्रॉम्प्ट कमांड’ या व्हेरिएबलचा आधार घ्यावा लागतो. तो प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वी चालतो, त्यामुळे फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आताचे फोल्डर मागच्या वेळचेच आहे का हे तपासावे आणि तसे असल्यास लगेच परतावे, नाहीतर साधे एंटर दाबले तरी शोध सुरू होईल.

फंक्शनने चालू फोल्डरपासून मुळापर्यंत एकेक पायरी वर जात ‘.व्हेन्व्ह’ शोधावे. केवळ चालू फोल्डर पाहिले, तर प्रकल्पातल्या ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये शिरताच एन्व्हायर्नमेंट बंद पडेल. सापडलेला मार्ग ‘व्हर्च्युअल एन्व्ह’ या (चालू एन्व्हायर्नमेंटचा मार्ग ठेवणाऱ्या) व्हेरिएबलशी जुळला तर काही करू नये. वेगळा असेल तर आधी ‘डीॲक्टिव्हेट’ आणि मग नवे ॲक्टिव्हेट करावे. काहीच सापडले नाही, तर फक्त फंक्शनने स्वतः सुरू केलेले एन्व्हायर्नमेंट बंद करावे. त्याची नोंद वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी, म्हणजे आपण हाताने सुरू केलेल्या एन्व्हायर्नमेंटला धक्का लागणार नाही.

वैशाली

प्रसाद यांचे स्पष्टीकरण अचूक आहे, पण असे फंक्शन वापरण्यापूर्वी एका धोक्याचा विचार अवश्य व्हावा. ॲक्टिव्हेट ही साधी शेल स्क्रिप्ट असते आणि ती ‘सोर्स’ करणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक ओळ आपल्या अधिकाराने चालवणे. उद्या तुम्ही कोणाचा तरी गिट संग्रह उतरवला, त्यात मुद्दाम तयार केलेले ‘.व्हेन्व्ह’ असले आणि तुम्ही नुसते आत डोकावलात, तरी तो कोड चाललेला असेल. फाइलचा मालक तपासून उपयोग नाही, कारण क्लोन केलेल्या फाइलींचे मालक तुम्हीच असता.

माझे मत स्पष्टपणे ‘डायरेन्व्ह’च्या, म्हणजे फोल्डरनुसार शेलची व्हेरिएबल आपोआप बदलणाऱ्या साधनाच्या बाजूने आहे. त्याचा हुक बॅश आणि झेडशेल दोन्हींत एका ओळीत बसतो. प्रकल्पातील ‘.एन्व्हआरसी’ फाइल तुम्ही ‘डायरेन्व्ह अलाउ’ म्हणेपर्यंत तो चालवत नाही, आणि तिच्यात एक अक्षर जरी बदलले तरी पुन्हा परवानगी मागतो. परंतु ही परवानगी त्या फाइलीतील मजकुरापुरतीच असते. त्यात ॲक्टिव्हेट ‘सोर्स’ करण्याची ओळ असेल, तर ॲक्टिव्हेटमध्ये पुढे झालेला बदल डायरेन्व्हला कळणार नाही. त्यापेक्षा ‘.एन्व्हआरसी’मध्ये ‘व्हर्च्युअल एन्व्ह’चा मार्ग निर्यात करावा आणि ‘पाथ ॲड’ने कमांड शोधण्याच्या मार्गांत ‘बिन’ फोल्डर जोडावे, एवढ्याने काम भागते. ‘.व्हेन्व्ह’ नेहमी स्वतः तयार करावे, संग्रहातून आलेले कधीही वापरू नये.

ऋचा

दोघांचेही आभार. डायरेन्व्ह दोन्ही यंत्रांवर बसवले असून फोल्डर बदलताच योग्य पायथन मिळत आहे. मात्र प्रॉम्प्टच्या सुरुवातीला कंसात येणारे एन्व्हायर्नमेंटचे नाव आता दिसत नाही आणि ‘डीॲक्टिव्हेट’ ही कमांडही सापडत नाही. मांडणीत काही राहिले आहे का?

प्रसाद

काहीही राहिलेले नाही. डायरेन्व्ह ती फाइल वेगळ्या बॅश प्रोसेसमध्ये चालवतो आणि व्हेरिएबलमध्ये पडलेला फरक तेवढा तुमच्या शेलला देतो. ‘डीॲक्टिव्हेट’ हे शेल फंक्शन असल्यामुळे ते त्या मार्गाने येऊ शकत नाही, आणि फोल्डरमधून बाहेर पडताच सर्व पूर्ववत होत असल्याने त्याची गरजही नसते. नाव दिसायला हवे असेल, तर आपल्या प्रॉम्प्टच्या मांडणीत ‘व्हर्च्युअल एन्व्ह’चे मूल्य वाचून दाखवावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ॲक्टिव्हेट करणे ही केवळ टंकलेखनाची सोय आहे. ‘.व्हेन्व्ह’च्या ‘बिन’मधील पायथन पूर्ण मार्गाने चालवला, तर तो एक पायरी वरच्या फोल्डरमधील ‘पायव्हेन्व्ह’ मांडणी-फाइल वाचून आपली पॅकेजेस स्वतः शोधतो. त्यामुळे क्रॉनमधील (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांसाठी, जेथे यांपैकी कोणताही हुक चालत नाही, तोच पूर्ण मार्ग लिहावा. नव्या प्रकल्पात ‘यूव्ही’ (पायथनची पॅकेजेस व एन्व्हायर्नमेंट सांभाळणारे साधन) वापरत असाल, तर ‘यूव्ही रन’ हे काम परस्पर करते.