इंग्लंडमधल्या डार्टमूर माळरानावरचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे बांध, बाबांना कुठे दाखवू?

रेडिंगकर: बाबा मोजणी खात्यातून रिटायर झालेत, नोव्हेंबरमध्ये येतायत. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, म्हणून डार्टमूरचे रीव्ह दाखवायचेत, म्हणजे ब्राँझ युगातले दगडी बांध. गाडी नाही, एकच दिवस, दोघांचे मिळून 150 पौंड. बाबांचे गुडघे दुखतात, चढ नको.

ब्रिस्टल_पुणे: सरळ स्टोनहेंज करा. रीव्हवर आता गवत चढलंय, माझे सासरे त्याच्यावरच उभे राहून विचारत होते बांध कुठाय.

वर्धेकर: गाडी घ्याच, मोठी घ्या. आम्ही घेतली होती, गल्लीएवढे रस्ते, दोन्हीकडून झुडपं, एक ओरखडा पडला तर कंपनीने सगळं डिपॉझिट कापलं, अजून भांडतोय.

घोडकाठ: ऑफाज डाइक बघा, तोही प्राचीन बांधच आहे.

एक्सेटरवासी: @घोडकाठ तो 8व्या शतकातला, एका राजाची सरहद्द. रीव्ह शेतजमिनीचे आहेत, इसपू 1500 च्या सुमाराचे. आधी एक आडवा बांध आणि त्याला काटकोनात शेजारी शेजारी लांबच लांब बांध, टेकडी येवो की ओढा, रेघ सोडत नाहीत. 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू फ्लेमिंगने हे उलगडलं. शॉ मूरला तर रीव्हखाली लाकडी कुंपणाच्या खुंट्यांची भोकं निघाली, म्हणजे आधी खुंट्या मारून हद्द धरली, दगड मागून. नोव्हेंबर उत्तम, उन्हाळ्यात नेच्यात सगळं बुडतं, आता तो वाळलेला असतो आणि ऊन तिरपं पडतं. रिपन टॉर या टेकडीवरून हॉरिज कॉमन या माळाकडे बघा. ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्या, क्रमांक ओएल28. उत्तरेकडे लष्कराच्या गोळीबाराच्या वेळा बघून जा.

वर्धेकर: गाडीशिवाय रिपन टॉर कसं करणार??

ब्रिस्टल_पुणे: +1 गाडी. नाहीतर डार्टमूरवरचीच जुनी वस्ती ग्रिम्सपाउंड, 24 झोपड्यांची दगडी वर्तुळं आहेत, काहीतरी दिसतं तरी.

घोडकाठ: बरं, 8वं शतक मान्य. पण रीव्हच्याच काळाच्या सुमारास आपल्याकडे इनामगावलाही घोड नदीकाठी बांध आणि पाट होता, डेक्कन कॉलेजने 1968 ते 83 खणलंय. बाबांना ते आधी दाखवा.

एक्सेटरवासी: तो पाण्याचा, हा वाटणीचा.

रेडिंगकर: सगळ्यांचे आभार. होल्न मूर ठरवलं, व्हेनफर्ड तलावाजवळ. तिथे रस्ता जवळ आहे आणि फ्लेमिंगने स्वतः खणलंय. न्यूटन ॲबटपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी, बजेट मोडतंय, मोडू दे. खुंट्यांचं ऐकून बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, दोन बांधांत अंतर किती. ते टेप घेऊन येतायत.