विवर गाठलं, की विवराच्या काठाला लागलं?

शंका: मंगळावरच्या रोव्हरविषयी लेख लिहिते आहे. क्षितिजावर दिसणाऱ्या, पण रोव्हर अजून पोचला नाही अशा विवरांना 'आवाक्यातली विवरं' म्हणावं का? की 'टप्प्यातली', 'पल्ल्यातली'? आणि मुळात 'विवर' हा शब्द योग्य आहे का? 'कृष्णविवर' इतकं रुळलंय की विवर म्हटलं की अंधारं भोकच डोळ्यांपुढे येतं.

उत्तर: 'विवर' ठेवाच. वि + वृ म्हणजे उघडणं, त्यावरून विवर म्हणजे उघडी जागा, पोकळी. 'विवरण' त्याच धातूचं. मुखविवर, कर्णविवर हे शब्दही आपण बिनदिक्कत वापरतो, तिथे अंधार आड येत नाही. विवराला इंग्रजीत म्हणतात त्या 'क्रेटर'चं मूळ मात्र वेगळं. ग्रीक लोक द्राक्षासवात पाणी मिसळायला जे रुंद तोंडाचं भांडं वापरत, त्याचं ते नाव. त्या शब्दात भांड्याचा काठही आला, आपल्या शब्दात नुसती पोकळी आहे. आणि रोव्हरला लांबून दिसतो तो काठच! जमिनीवरून बघताना खळगा दिसत नाही. उल्केच्या आघातानं वर उचलली गेलेली कड तेवढी टेकड्यांच्या रांगेसारखी दिसते. म्हणून लांबच्या विवराबद्दल लिहिताना 'विवराचा काठ' असं लिहिलंत तर चित्र नेमकं उभं राहील.

आता तुमचे तीन शब्द. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत असं माझं ठाम मत आहे.

'टप्पा' उभ्या जागेवरून मोजायचा: नजरेच्या टप्प्यात, गोळीच्या टप्प्यात. 'पल्ला' चालून जायचा: लांब पल्ल्याची गाडी, पल्ला मारणं. 'आवाका' म्हणजे कुवत. नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरच्या मंगळावरच्या प्रवासात हे तिन्ही शब्द स्वच्छ वेगळे दिसतात. 2004 च्या जानेवारीत हा रोव्हर उतरला तोच ईगल नावाच्या 22 मीटर व्यासाच्या विवरात. पुढे एन्ड्युरन्स, मग व्हिक्टोरिया. 2008 च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टोरियातून बाहेर पडल्यावर लक्ष्य ठरलं 22 किलोमीटर व्यासाचं एन्डेव्हर. त्याचा काठ 2009 मध्ये कॅमेऱ्यात दिसला, म्हणजे एन्डेव्हर टप्प्यात आलं. पल्ला मात्र बराच उरला होता. रोव्हर रुतेल अशा वाळूच्या लाटांना वळसा घालत सुमारे 21 किलोमीटर चालून तो 2011 च्या ऑगस्टमध्ये तिथे पोचला. त्याची एका दिवसातली सर्वांत मोठी मजल होती 220 मीटर, तीही 2005 मधली. तेव्हा तीन वर्षं का लागली हे कळतं. आवाक्याचं म्हणाल, तर मोहीम आखलेली होती 90 मंगळदिवसांची. कागदावरच्या आवाक्यात एन्डेव्हर कधीच नव्हतं, तरी पल्ला मारला गेला. मला या मोहिमेतलं सर्वांत थोर वाटतं ते हेच.

एन्डेव्हरच्या दक्षिणेला इआझू नावाचं सुमारे 7 किलोमीटर व्यासाचं विवर आहे. त्याचाही काठ ऑपॉर्च्युनिटीच्या चित्रांत क्षितिजावर दिसतो. ते टप्प्यात आलं, पण तिकडे जाणं झालं नाही. 10 जून 2018 रोजी धुळीच्या वादळात रोव्हरशी शेवटचा संपर्क झाला, तोवर त्याची एकूण चाल 45.16 किलोमीटर भरली होती. इआझूसारख्या विवरांसाठी मी 'टप्प्यातली, पण पल्ल्यापलीकडची' असं लिहीन. जिथे जायचं ठरलंय आणि वाट काढलीय, तेवढ्यांनाच 'पल्ल्यातली' म्हणावं.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. 'ऑपॉर्च्युनिटी एन्डेव्हर विवरात पोचला' असं लिहिलं की वाचकाला वाटतं तो तळाशी उतरला. तो तळापर्यंत कधीच गेला नाही. पुढची सगळी वर्षं पश्चिमेच्या काठावर आणि त्याच्या उतारांवर काम करत राहिला. तिथे 'काठाला लागला' हेच योग्य. होडीसाठीचा हा वाक्प्रचार इथे शोभतोही, कारण एन्ड्युरन्स, व्हिक्टोरिया, एन्डेव्हर ही सगळी जुन्या सफरींच्या जहाजांची नावं. व्हिक्टोरियाचा काठ तर वाऱ्यानं कातरून आत-बाहेर झालाय. तिथल्या सुळक्यांना भूशिरांची आणि खाचांना उपसागरांची नावं दिली आहेत. अशा काठाला 'कंगोरा' म्हणायला हरकत नाही, एन्डेव्हरच्या झिजलेल्या, तुटक काठाला मात्र तो शब्द लावू नका. मंगळावरच्या इतर रोव्हरांपैकी क्युरिऑसिटी गेल विवरात 'उतरला', पर्सिव्हिअरन्स 2024 च्या डिसेंबरमध्ये जेझेरो विवराच्या काठाच्या माथ्यावर 'चढून गेला'. प्रत्येक ठिकाणी क्रियापद वेगळं.

शंका: आणि अगदी लहान असेल तर? प्रज्ञान रोव्हरसमोर आला तो खड्डा, खळगा की विवर?

उत्तर: विवरच. 27 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर प्रज्ञानच्या 3 मीटर पुढे 4 मीटर व्यासाचं विवर आलं, आणि त्याला आल्या वाटेनं मागे फिरवून नव्या वाटेवर घातलं. शब्द आकारावरून नाही, घडणीवरून ठरतो. आघातानं झालं असेल तर 4 मीटरचंही विवर आणि गेलसारखं 154 किलोमीटरचंही विवर. कशानं झालं ते ठाऊक नसेल तेव्हा 'खळगा' लिहा. 'खड्डा' मी टाळेन, त्यात कुणीतरी खणल्याचा वास येतो.